‘इतर’चा रकाना

“दुखनं पदरात झाकलं, न्हाई कळलं घरात,
शेजारनीनं वळखिलं, पानी शेंदता आडात.”

ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत निजताना आई ही ओवी गुणगुणायची. आपल्या वसतिगृहाचा जिना चढताना धनश्रीला ती आज उगाच आठवली. फडावरची ती पोर आता विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विद्यापीठातल्या माणसांना आरोग्याची माहिती कुठून मिळते, हा तिचा विषय. महिनाभर दारोदार फिरून फॉर्म भरले होते. हा शेवटचा.

सफाईच्या बनुबाई जिन्याशी बादली पालथी घालून बसल्या होत्या. धनश्री समोरच्या पायरीवर टेकली.

“या ताई. लई दमलाय जनू.”

“ऊन बाधतंय मावशी. एवढे प्रश्न उरकू.”

बनुबाईंनी तांब्या पुढं केला. धनश्रीनं तो एका दमात रिकामा केला. बनुबाईंनी न विचारता पुन्हा भरून ठेवला.

कागदावरची अक्षरं धूसर दिसत होती. चष्मा बदलायला हवा, असं मनाशी म्हणत तिनं मनगटावरून घसरलेलं घड्याळ वर सारलं.

“आरोग्याची माहिती कुठून मिळते? डॉक्टर, मोबाईल, टीव्ही, पेपर?”

“संडासातनं.”

धनश्रीला हसू फुटलं. “तसा रकाना नाही हो.”

“मग पाडा की! एवढ्या शिकलाय, एक रेघ वढाया काय जातंय?”

तिनं ‘इतर’वर खूण केली.

“आता मी इचारू?” बनुबाई म्हणाल्या. “नात्यातली एक पोर हाय. खाती बरी, पन वाळत चाललीय. तहान भागतच न्हाई. रातचं चार-चार येळा उठती. दवाखान्याचं मातुर नाव घेत न्हाई.”

धनश्रीचं पेन थांबलं. महिनाभरात तिला एक कळून चुकलं होतं : नात्यातलं माणूस म्हणजे बहुतेक वेळा विचारणाराच. तिनं बनुबाईंच्या हाडकुळ्या हातांकडं पाहिलं. 

“ही साखरेच्या आजाराची लक्षणं आहेत मावशी. आजच रक्त तपासायचं. उशीर झाला तर माणूस बेशुद्ध पडतं, जिवावर बेततं.”

“आमच्या मालकांचं तेच झालं. कोपीमागं ते लघवीला बसायचे, तितं मुंग्यांची रांग लागायची. तवा मला उमगलं न्हाई.” बनुबाईंनी हातातलं फडकं पिळलं. “पन हिला सांगू कसं? मागं एकीला सांगाया गेले, तर म्हनली, संडास धुनारी मला शिकवती व्हय?”

“तिचं ऐकायचंच नाही. हाताला धरून न्यायचं.”

“धरू म्हनता?”

“धरायचं. चिडली तरी सोडायचं नाही.” धनश्रीनं फॉर्म मिटला. “चला, मीच येते सोबत. आपलं आरोग्य केंद्र उघडं असेल.”

ती भिंतीला धरून उठली. पायात जीव नव्हता. बनुबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

“नात्यातली न्हाई ताई, खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “बारा नंबरच्या खोलीतली हाय. महिना झाला, तुमच्या खोलीतल्या संडासात रोज मुंग्या लागत्यात.”