कडबाकुट्टीचा पिच्चर

जुन्या प्रेमकहाणीत प्रेम करणारेच मरतात अन् त्यांना मारणारं गाव पुढं पिढ्यान्‌पिढ्या मिटक्या मारत रडतं, याचा धम्मपालला लय संताप होता. म्हणून त्यानं ती कहाणीच उलटी केली अन् विनोदी पिच्चर काढला. त्यात प्रेमी जगतात, आडवे येणारे सगळे कापले जातात. नट आणायची ऐपत नव्हती, तेव्हा तो अन् त्याची बायको राजेश्रीच प्रेमी झाले. रक्त बीटाचं, आतडी खाटकाकडची.

पालमच्या मंगल कार्यालयात पहिला खेळ लावला. राजेश्रीनं जातीबाहेर लग्न केल्यापासून तिचं तोंड न पाहिलेले तिचे वडील व्यंकटराव कधी नव्हे ते आले अन् पुढच्या खुर्चीत बसले. पडद्यावर पोरीचा मामा चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला अन् पलीकडून बारीक होऊन निघाला, तेव्हा तर ते मांडीवर थापा मारून हसले.

"आबा हसायलेत," राजेश्री नवऱ्याच्या कानात म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

खेळ सुटल्यावर दोघं पाया पडायला गेले.

"पिच्चर भारी हाय," व्यंकटराव म्हणाले. "मुडद्यावर मुडदे पाडलेत, लय हसलो. पण शेवटी ती दोघं जिती ठिवली, हे काई बरं केलं न्हाई. विनोद म्हणलं तरी त्याला मर्यादा पायजे."

"आबा, त्यातली पोरगी मीच हाय की."

व्यंकटरावांनी पायात चपला सरकवल्या.

"म्हणून तर सांगायलोय."