बोलकी पोर

"अजून हायेत का?" वीस चिंचोके मोजून झाल्यावर राजनंदिनीनं विचारलं.

बालवाडीच्या बाई हसल्या. तिची आई अनुपमा मात्र खुर्चीत अवघडली. "ते हाय-नाय ना, कामवालीचं ऐकून. घरात आम्ही शुद्धच बोलतो."

"असू द्या हो. चार वर्षांची पोर, बोलते किती!" कावळ्याचं चित्र दाखवलं, तर तिनं कावळा सांगून वर कुकुडकोंब्याचे, म्हणजे भारद्वाजाचे, डोळे लाल असतात हेही ऐकवलं होतं. "दिवसभर कुणीतरी हिच्याशी बोलतंय. आईची मेहनत दिसते."

अनुपमानं ती मेहनत हसून पदरात पाडून घेतली.

मग सेजलची पाळी. तीही चार वर्षांचीच. तिची आई समीक्षा अनुपमाकडे राहून काम करायची. बाप मुंबईला, पोर वर डोंगरात कुडपणला आजीजवळ. अनुपमानं शब्द दिला होता: सेजलला इथं घेतलं तर अर्धी फी मी भरीन, पोर महाडलाच राहू दे तुझ्याजवळ. म्हणून काल चुलता चांगू तिला घेऊन खाली उतरला होता. फ्रॉक नवा होता, दोन वर्षं पुरेल एवढा मोठा.

सेजलनं चिंचोक्यांकडे पाहिलं. कावळ्याकडे पाहिलं. मग बाईंची बाही ओढून अंगठा ओठांना लावला.

"काय गं?"

"पाणी मागतेय," समीक्षा घाईनं म्हणाली. "आजीला ऐकू येत नाय. दोघी हातानंच बोलतात."

"तोंडानं माग, बाळ."

सेजलनं अंगठा पुन्हा ओठांना लावला, या वेळी जरा जोरात. बाईंना ऐकू येत नसावं, असं तिला वाटलं असेल.

बाईंनी तिला पाणी दिलं आणि कागदावर फुली मारली.

बाई वाईट नव्हत्या. "डोकं आहे हिला, शब्द नाहीत. यंदा राहू दे. वर्षभर कुणीतरी बसून बोलायला हवं. गोष्टी सांगायच्या, पाखरं दाखवायची."

दाराशी उभ्या चांगूनं सेजलची पिशवी उचलली. दुपारची एसटी मिळाली असती.

राजनंदिनी सवयीनं समीक्षाच्या मांडीवर चढून बांगड्या मोजत होती.

"अवघड नाही हो," बाई म्हणाल्या. "या अनुपमाताईंनाच विचारा ना, त्यांनी काय केलं."

समीक्षानं अनुपमाकडे पाहिलं नाही.

"त्यांनी कुडपणवरनं मला आणली, बाई."