टीकालेखातल्या कविता

लेनिनग्राडच्या मासिकाचे संपादक क्लिमेंती झाखारोविच चहा ओतत होते, तेवढ्यात कवयित्री रायसा दारात उभी राहिली. त्यांच्याच जहरी टीकालेखानंतर तिचं पुस्तक जप्त झालं होतं आणि ती सतरा वर्षं सैबेरियाच्या कैद्यांच्या छावणीत होती. आता ही तोंडावर थुंकणार, असं त्यांना वाटलं. तिने मात्र तोच लेख टेबलावर पसरला. “माझ्या वह्यासुद्धा पोलिसांनी जाळल्या, क्लिमेंती झाखारोविच. पण नावं ठेवताना तुम्ही लेखात सात कविता अख्ख्या छापल्यात! त्या तेवढ्याच उरल्या. मुद्दाम केलंत ना?” ते गोंधळले. वरून हुकूम आला होता, पानं भरायची होती आणि कवितांत खोट सापडत नव्हती, एवढंच आठवत होतं. कविता भीतीने उतरवल्या की मायेने, त्यांचं त्यांनाच उमगेना. “राहू द्या,” म्हणत तिने नव्या कविता पुढे सरकवल्या. “आता ह्यांनाही नावं ठेवा.”