तासाभरासाठी नेलेले घंगाळ

पणजोबांनी जांभळ्या फुलाचे ते एक रोप प्रदर्शनातून हौसेने आणले. आजोबांनी त्याची पिल्ले कौतुकाने गल्लीभर वाटली. आणि वडिलांनी, वाटून वाटून उरलेली, कुणाचे लक्ष नाही असे पाहून घरामागच्या ओढ्यात सोडून दिली. चौथ्या पिढीतील कन्या पाणलोट विभागात अभियंता झाली आणि तोच ओढा सरकारी निधीतून जलपर्णीमुक्त करण्याचे काम तिच्याच वाट्याला आले. पेरले तिघांनी, निस्तरले पोरीने.

चौदा महिने यंत्रे खपली, कंबरभर पाण्यात माणसे खपली. चारशे बारा टन जलपर्णी निघाली. आज अकरा वाजता तपासनीस येणार होते. ‘ओढ्यापासून शंभर मीटरच्या आत एकही रोप शिल्लक नाही’ या दाखल्यावर त्यांची सही झाली की दुसरा हप्ता सुटणार, वरच्या अंगाला बंधारे होणार, काठांवर झाडे लागणार होती. सही अडली, तर येरे माझ्या मागल्या.

आणि ओढ्यापासून अडतीस मीटरवर, घराच्या मागच्या व्हरांड्यात, पितळी घंगाळात, ते मूळ रोप सुखाने डोलत होते.

“आत्या, आता तरी काढू दे.”

“थोरलीला हात लावायचा नाही.” आत्या रोपाला थोरली म्हणत. “तुझ्या आधीपासून या घरात आहे ती. तुझी नोकरी काल लागली.”

“नऊ वर्षं झाली, आत्या.”

“तेच म्हणतेय मी.”

कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी नित्याप्रमाणे आपली बाजू मांडली. “रोपाचं तुमचं तुम्ही बघा. घंगाळ आमचं आहे. तुझ्या पणजोबांनी तासाभरासाठी म्हणून नेलं होतं. आमच्या आजेसासूबाईंनी पाण्यानं काठोकाठ भरून दिलं होतं.”

“ऐकतेय, काकू. जन्मल्यापासून ऐकतेय.”

तपासनीस आले ते प्रसन्न होऊनच. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून त्यांनी ओढा खालपासून वरपर्यंत पालथा घातला होता आणि त्यांना बेडकांखेरीज काहीही आढळले नव्हते. व्हरांड्यातल्या टेबलावर त्यांनी नोंदवही उघडली, पेनचे टोपण काढले आणि त्यांची नजर घंगाळाकडे गेली. थोरलीला नेमके त्याच सकाळी फूल आले होते.

“वा! काय रंग आहे! विकतचं?”

“घरचं,” आत्या म्हणाल्या.

“एखादं पिल्लू मिळेल का? आमच्या हिला भारी हौस. घरामागे छोटंसं तळंही आहे.”

चौदा महिने त्यांनी जलपर्णी पाहिली होती ती टनांत. एकटी, फुलासकट, कधीच नाही.

आत्यांचा हात पिल्लाकडे गेलाही. कुणी मागितले की द्यायचे, ही या घराची रीत. पेन कागदापासून बोटभर अंतरावर होते. गप्प बसले की सही होणार, हे भाचीला दिसत होते. साहेबांच्या घरामागचे तळेही तिला दिसत होते.

“साहेब, हीच ती.”

“हीच कोण?”

“जलपर्णी.”

तपासनिसांनी टोपण पुन्हा पेनला लावले. “ही? अहो, पण ओढा तर समोरच दिसतोय!”

“अडतीस मीटर. मोजलंय मी.”

“मग मी सही कशी करू, बाई?”

आत्यांच्या भुवया वर चढल्या. “स्वतःच्या घराकडे बोट दाखवतेस?”

“बरोबर दाखवतेय!” काकू कुंपणावरून कडाडल्या. “तुम्ही फुकट वाटलंत ते सगळ्यांनी निस्तरलं. उसनं आणलंत ते मात्र अजून घरातच!”

आत्यांना टोमणे मारण्याची सवय होती; खाण्याची नव्हती. त्या उठल्या. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, घंगाळात दोन्ही हात घातले आणि काळ्या मुळांच्या लांबलचक दाढीसह, लेकुरवाळी थोरली एका हिसक्यात बाहेर काढली.

“बघत काय बसलात? स्वयंपाकघरात काटा आहे. वजन करा.”

तपासनीस मुकाट्याने उठले. वरिष्ठांपुढेही ते इतक्या चटकन उठत नसत.

“दोन किलो तीनशे ग्रॅम.”

“लिहा. चारशे बारा टन, दोन किलो, तीनशे ग्रॅम. आणि आता करा सही. दाखल्यावर आजची तारीख आहे, वेळ नाही. वाचलाय मी.”

त्यांनी लिहिले. शंभर मीटरच्या आत आता खरोखरच एकही रोप नाही, याची व्हरांड्यात फेरी मारून खात्री केली. मग सही केली.

भाचीने थोरलीला तापलेल्या फरशीवर, मुळे वर करून, वाळत ठेवले. आत्यांनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी घंगाळ पालथे करून आतून बाहेरून घासले. त्यात स्वतःचे तोंड दिसू लागले, तेव्हाच त्या थांबल्या. मग एक कडी आत्यांनी धरली, दुसरी भाचीने, आणि दोघी ओढ्यावर गेल्या. येताना त्या पाऊल मोजून टाकत होत्या, कारण थेंबही सांडायचा नव्हता.

काकूंनी फाटक उघडले. आधी काठ पाहिला, काठोकाठ होते. मग त्या आत वाकल्या. तळाशी ठोकलेले आजेसासूबाईंचे नाव पाण्यातून अक्षर न् अक्षर वाचता येत होते. काकूंनी ते ओठ हलवत, दोनदा वाचले.

“तासाभरासाठी नेलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो,” आत्या म्हणाल्या. “झाला तास.”