नवसाचा दगड

विद्यापीठात तत्त्वज्ञान, धर्म आणि इतिहास एकत्र शिकणाऱ्या महिपतीला कासू गावच्या बांधावरल्या दगडी देवावर कोरलेला लेख वाचायचा होता. आईची हरकत नव्हती. इतकी वर्षं पुजलेल्या देवाचं नाव तिलाही हवं होतं. त्याने काडीने पिढ्यांचा शेंदूर खरवडला. वर चंद्रसूर्य निघाले, मग अक्षरं. ती वाचताच त्याचा हात थांबला. राजाने दान दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईला गाढव लागो, अशा शापाचे दगड त्याने वर्गात अभ्यासले होते. "ऱ्हाऊ दे, आये," तो म्हणाला. तोवर तिने ओल्या फडक्याने उरलेलं पुसलं होतं. खाली बाई होती आणि तिच्यावर गाढव. "ह्यो कोन देव?" "देव नाय. शाप हाय." आईने शेंदूर तेलात कालवून गाढवावर बोट फिरवलं. "तुला मी ह्याच्यापाशीच मागितलेला."