पंधरापर्यंत मोजायचं

"ती बघ, ती! त्याच्या खांद्यामागं, टोपीवाली! मीच ती!"

लोरेतानं असा कोपर मारला, की शेजारच्या चेझिदियाच्या मांडीवरच्या भोपळ्याच्या बिया खाली सांडल्या. रविवारची दुपार, चर्चचं सभागृह गच्च भरलेलं. पडद्यावर घोड्यावर बसलेला लोरेताचा नवरा पान्फिलो. गळ्यात फास, तोंड प्रेक्षकांकडं. त्याच्या मागं अमेरिकन कपडे घातलेलं निम्मं गाव, आणि त्यात सगळ्यात पुढं लोरेता, बत्तीशी दाखवत.

"तुझं हसणं म्हणजे बाई, डोंगरापलीकडच्या मेंढ्या उठतील," चेझिदिया म्हणाली.

"मग! डायरेक्टरनं उगाच पुढं उभं केलं होय? म्हणाला, आधी ही हसेल, मग बाकीच्यांनी हसायचं."

तोंड चाललं होतं खरं, पण लोरेताचा हात शेजारी बसलेल्या पान्फिलोच्या मनगटावर होता. ते मनगट गार पडलं होतं. मेलेल्या कोंबडीच्या पायासारखं.

गेल्या उन्हाळ्यात रोमची माणसं डोंगरावर आली होती. काउबॉयचा हसवणुकीचा सिनेमा काढायला. माणसाला फासावर चढवायचं आणि हसायचं, असली त्यांची कला. ज्या नटाला लटकवायचं तो दारू पिऊन पडला, म्हणून मेंढपाळ पान्फिलोला उभं केलं. कोटाच्या आत चामड्याचा पट्टा, पट्ट्याच्या कडीला दोर. भार सगळा पट्ट्यावर, गळ्यातला फास नुसता दिसायला. बोलायचीही चिंता नव्हती. आवाज मागाहून रोममध्ये दुसराच कुणी भरणार होता.

"ओठ हलले म्हणजे झालं, बाबा," डायरेक्टर म्हणाला होता. "पंधरापर्यंत मोज. पंधराला दोर तोडतो."

धूळ उडवायचा मोठा पंखा घरघरत होता. गर्दी मागं उभी. लोरेताला दिसली ती नवऱ्याची पाठ आणि हवेत झाडलेले पाय. पाय असे झाडले गड्यानं, की हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोर तुटला, पान्फिलो धुळीत पडला, खोकला. डायरेक्टरनं मिठी मारली, वाइन पाजली. संपलं.

पण संपलं नव्हतं. त्या दिवसापासून पान्फिलोचा आवाज बसला तो बसलाच. गुडघाभर बर्फातसुद्धा गळ्याचं बटण लावेना. लोरेतानं विणलेला मफलर त्यानं कुत्र्याच्या अंगावर टाकला. आणि घरात ती मोठ्यानं हसली, की हा चमचा खाली ठेवून मेंढ्यांकडं निघून जायचा.

"एकदा दोराला लोंबकळला, तर हिरोच झाला!" लोरेता सगळ्यांदेखत टोमणा मारायची. मागं एकटी उरली की कारणं शोधत बसायची. डॉक्टरला काही सापडलं नाही. दुसरी बाई म्हणावी, तर एकसष्टीला कोण बघणार त्याला? मग छातीच्या रोगानं गेलेल्या त्याच्या भावासारखं ह्यालाही तेच दुखणं लागलं का? अकरा महिने ती हेच चघळत होती. विचारायची हिंमत होत नव्हती. उत्तर आलं तर?

आजही तो येत नव्हता. "सगळं गाव जाणार आणि तू मेंढ्या वळणार? माझी लाज काढशील!" असं म्हणून तिनं त्याला ओढत आणला होता.

पडद्यावर घोडा पुढं सरकला. पान्फिलो लटकला.

"अहो, फाशी उद्या द्या!" त्याच्या तोंडातून रोमचा कुणीतरी जाडा आवाज ओरडला. "चुलीवर घेवडा शिजतोय! करपला तर बायको जीव घेईल!"

सभागृह खदखदलं. लोरेतानंही हसायला तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.

बत्तीस वर्षं ती लोकरीच्या गिरणीत मागावर उभी होती. तिथल्या खडखडाटात कानाला काही कळत नाही. तिथल्या बाया ओठांनी बोलतात, ओठ बघून ऐकतात. चाळीस पावलांवरून कोण कुणाची निंदा करतंय, हे लोरेता सांगायची. सभागृह रोमवाल्याला ऐकत होतं. लोरेता नवऱ्याचे ओठ वाचत होती.

पाच. सहा. सात.

सातला त्याचं अंग वीतभर खाली घसरलं. कडी सुटली होती. सैल असायचा तो फास जबड्याखाली रुतला. मान ताणली गेली. आता ओठांमागं श्वास नव्हता, नुसते ओठ.

आठनऊदहा. घाईघाईनं, एकात एक. लवकर मोजलं तर लवकर तोडतील, असं वाटलं असेल. दहा. पुन्हा दहा. पळत्या तीनशे मेंढ्या धुक्यात न चुकता मोजणारा माणूस, दहाच्या पुढं जाईना.

शेजारची खुर्ची करकरली. पान्फिलो उठत होता. लोरेतानं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. पडद्यावरची नजर काढता येईना. तिथं त्याच्या खांद्यामागं ती टोपीवाली पोट धरधरून हसत होती, आणि तिचं ऐकून सगळं गाव.

"घेवडा करपला रे!" रोमवाला ओरडला. सभागृहात हशा उसळला. चेझिदियानं डोळे पुसले.

पडद्यावर पान्फिलोचे ओठ शेवटचे हलले, आकड्यासाठी नव्हे.

"लोरेता, हसू नको गं."