मंगलीची कबुली

"कोंबडं कोनासाठी कापलं, तेवढं सांग मंगली," सोमाजी पुन्हा म्हणाला. "मंडळी माफ करते. पन कबुली पायजे."

मंगलीनं पदर सावरला आणि खाली पाहिलं. प्रार्थनाघरात सगळी मंडळी जमली होती, आणि सगळी म्हणजे दोन चटयांवर मावतील एवढीच. जंगलातल्या त्या गावात येशूच्या मागं गेलेली घरं ती किती असणार! पाळकसाहेब चांद्याहून बैलगाडीनं येत, तेही पावसाळा सोडून. बाकीच्या दिवसांत उपासना, प्रार्थना, शिस्त, सगळं मंडळीचा वडील म्हणून सोमाजीच्याच गळ्यात.

पोळा झाल्यावर एका सकाळी मंडळीतल्या लटारूनं मंगलीला पाहिलं होतं. गावाबाहेरच्या पेनठाण्याकडून येत होती, पदरावर रक्ताचे ताजे डाग. पेनठाणं म्हणजे गोंडांच्या जुन्या देवाची जागा. त्या देवाला सोडून तिनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं तिला टाकलं होतं. आता तिला मंडळीशिवाय कुणी नव्हतं.

"गेली होती भाऊ," मंगली म्हणाली. "खोटं नाई बोलत."

"पन कोनासाठी? तुह्या घरी ना नवरा, ना लेकरू."

"ते नाई सांगत."

सोमाजीचं डोकं फिरलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो मनात म्हणाला. त्यानं बायकोकडं पाहिलं. वच्छला मिशनच्या शाळेत वाढलेली. तिच्या बापानंसुद्धा कधी मूर्तीपुढं हात जोडले नव्हते. मंगलीला अक्षरं तिनंच शिकवली होती. तिनं समजावलं तर ही ऐकेल, असं त्याला वाटलं. पण वच्छला बायबलाच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत बसली होती. मैत्रिणीची लाज वाटत असणार बिचारीला.

मंगलीला शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे तिनं दाराशी बसायचं, प्रभुभोजनाचं ताट तिच्यापाशी न्यायचं नाही आणि कुणी तिला सलाम करायचा नाही. कबुली दिली की सगळं परत.

मंगली दर रविवारी येऊन दाराशी बसे. गीत सुरू झालं की तिथूनच गाई. सोमाजीला फार वाईट वाटे. पण आज एकीला सोडलं तर उद्या कुणाला धरायचं? मूठभर मंडळी, चाळणीतल्या पाण्यासारखी निघून जायची.

तो उभा राहून आपली साक्ष सांगे. भादव्यात हिवतापानं तो खाटेला खिळला होता. कुनैनच्या गोळ्या संपल्या, वैदूनं हात टेकले. मंडळीनं उपास धरला, खाटेभोवती गुडघे टेकले, आणि एका सकाळी दरदरून घाम सुटून ताप उतरला. दाराशी बसलेली मंगली सगळ्यांच्या आधी आमेन म्हणे. हीच साक्ष ऐकून गावातल्या नथ्थूचं अख्खं घर बाप्तिस्म्याला तयार झालं होतं.

एकदा वच्छला मंगलीसाठी पेज घेऊन निघाली, तेव्हा सोमाजीनं तिला अडवलं.

"वडिलाच्या बायकोनंच शिस्त मोडली तं लोक काय म्हनतीन?"

"तुमी शब्द मागं घ्या ना जी."

"तिले बोलू दे."

"अन् ती कधीच नाई बोलली तं?"

"तं ती जाने अन् देव जाने."

वच्छला काही बोलणार होती. तेवढ्यात नथ्थू बाप्तिस्म्याचं विचारायला अंगणात आला, आणि ती आत गेली.

थंडी पडली तशी मंगली खोकल्यानं आणि तापानं अंथरुणाला लागली. सोमाजी तिच्या झोपडीत गेला. तिची दशा पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता तरी बोल बाई. कबुली नाई तं आमच्या कबरस्तानात जागा नाई देता येत. भावकीवाले तुले हात नाई लावत. कुठी ठेवू तुले?"

"मले मंडळीतच जागा पायजे भाऊ," ती म्हणाली. "दुसरं काई नको."

"मंग बोल."

उलट तिनंच विचारलं, "नथ्थूचा बाप्तिस्मा झाला का?"

"नाताळात हाये."

"होऊ द्या," ती म्हणाली, आणि भिंतीकडं वळली. तापात बरळते आहे, असं सोमाजीला वाटलं.

नाताळाच्या आधीच ती गेली. नियम नियमच होता. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर, सागाच्या झाडांत, सोमाजी आणि लटारूनं खड्डा खणला. गीत नाही, क्रूस नाही. माती लोटताना सोमाजी लेकरासारखा रडला, पण नियम त्यानं मोडला नाही. त्या रात्री त्याला जेवायची इच्छाच नव्हती. वच्छलानं तर चूलच पेटवली नव्हती.

नाताळाला पाळकसाहेब आले. नथ्थूच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला. ओल्या केसांनी ती सगळी पुढं बसली, आणि पाळकसाहेबांनी सोमाजीला साक्ष सांगायला लावलं. त्यानं सांगितली. मंगली नव्हती, त्या दिवशी आमेन उशिरा आलं, पण नथ्थूचा म्हातारा बाप डोळे पुसत होता.

मग प्रभुभोजन सुरू झालं. सोमाजी भाकरीचं ताट घेऊन एकेकापुढं वाकत बायांकडं आला. वच्छलापुढं त्यानं ताट धरलं. तिनं हात पुढं केला नाही.

"काऊन? घे ना," तो हळूच म्हणाला.

तिनं मान वर केली. डोळे कोरडे ठणठणीत होते.

"कोंबडं म्या कापलं, मंगलीनं निस्तं धरलं," ती म्हणाली. "मी परत आली तवा तुमचा ताप उतरून राह्यला होता."